हयातीतला ब्लॉग

सुईलियेनकाकूंच्या कार्डावरचा चौकोन काही केल्या उघडेना. शंभराव्या दिवसाचं पुण्यकर्म आटोपलं होतं, भिक्षू जेवून उठले होते, विहाराच्या ओसरीत आम्ही बायका उरलेला भात आणि मोहरीच्या पानांची आंबट भाजी डब्यांत भरत होतो, आणि माझ्या आईनं, मानं, मध्येच हट्ट धरला की सुईलियेनचं ते फोनमधलं पुस्तक मला आत्ताच्या आत्ता दाखव. अंत्यविधीच्या दिवशी चितेवर चंदनाची फुलं वाहून पायऱ्या उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ते कार्ड ठेवलं होतं. पूर्वी पुस्तक ठेवत. गेलेल्या माणसाचा फोटो, त्याचं चरित्र, चार नातेवाइकांच्या आठवणी, मागे एखादी पाककृती नाहीतर धर्मसूत्र. सुईलियेनच्या मुलांनी छापायच्या भानगडीत न पडता ब्लॉग केला आणि त्याचा कोड कार्डावर छापला. त्या दिवशी गर्दीत कुणी तो उघडून पाहिला नाही. मा म्हणाली होती, घरी निवांत बघू, आणि कार्ड देव्हाऱ्यात उदबत्तीच्या डबीखाली ठेवून विसरून गेली होती. आता मी फोन कार्डावर धरला, तिरका केला, पुन्हा सरळ केला. पडद्यावर एक ओळ आली. हे पान आता उपलब्ध नाही. तिच्याखाली पोट कमी करायच्या चहाची जाहिरात. मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. मला लाज वाटली. पान माझं नव्हतं, चूक माझी नव्हती, तरी वाटली.

"काय म्हणतंय?" मानं विचारलं.

"उघडत नाहीये. इथं रेंज नसेल."

"रेंज आहे. ती बघ, ती बाई मालिका बघून डोळे पुसतेय. खरं काय ते सांग."

"पान काढून टाकलंय, मा. ज्या कंपनीकडं ठेवलं होतं तिनं काढलं असेल, नाहीतर पोरांनीच."

मानं डब्याचं झाकण तळहातानं दाबलं. "चाळीस वर्षं माझ्या शेजारी पाटी मांडून बसली. उन्हात, पुरात. आणि शंभर दिवस टिकली नाही होय!" मग म्हणाली, "माझं आत्ताच करून टाक."

"काय करून टाकू?"

"ते पुस्तक. फोनमध्ये कर, कागदावर कर, काय करायचं ते कर. पण मी आहे तोवर कर. मी वाचीन. चुकलं असेल तर सांगीन. मेल्यावर तुम्ही काय वाट्टेल ते लिहाल, मी काय उठून येणार आहे?"

शेजारच्या दोघीतिघींनी हात जोडून कपाळाला लावले. जित्या माणसाचं स्मरणपुस्तक करणं म्हणजे मरणाला आवतण, असं आमच्याकडं सगळेच मानतात. मा मानत नाही असं नाही. तिला फक्त वाटतं की मरण तिला भीत असेल, आणि तिचा एकूण स्वभाव पाहता हे अगदीच अशक्य नाही.

परतताना लाल प्रवासी गाडीच्या बाकावर ती माझ्या खांद्याला टेकून झोपली आणि मी फोनमधली ती ओळ पुन्हा उघडून पाहिली. माझं सगळं आयुष्य या धंद्यात गेलं. विहाराच्या भिंतीला लागून आमचा छापखाना होता, स्मरणपुस्तकं हेच त्याचं मुख्य काम, आणि चरित्रं लिहायची मी. घरचे लोक यायचे, रडून थकलेले, हातात फोटोंची पिशवी. मी विचारायची, त्यांना काय आवडायचं, कुणाला कधी काही बोलल्या का, आणि ते जे सांगतील त्यातून मी एक दयाळू, सोशिक, कष्टाळू, कुणाचं वाईट न चिंतणारी व्यक्ती तयार करायची. शहराच्या या, थोनबुरीच्या बाजूला गेल्या पिढीत मेलेली निम्मी माणसं माझ्या हातून सोशिक झाली आहेत. कुणी बायकोला मारलेलं असायचं, कुणी भावाची जमीन लाटलेली असायची, शेजारीपाजारी सांगायचे, मी ऐकून घ्यायची आणि लिहायची, कुटुंबवत्सल. यात मला कधी पाप वाटलं नाही. वाचणारे सगळे जिवंत, आणि जो मेला तो वाचायला नाही. आता पहिल्यांदाच असं होणार होतं की जिच्याबद्दल लिहायचं तीच चष्मा लावून समोर बसणार. आणि ती आई होती. गाडी रेल्वेच्या फाटकापाशी थांबली, माचं डोकं माझ्या खांद्यावरून घसरलं, मी ते हातानं सावरलं, आणि त्या क्षणी मला कळलं की मी इतर कुणाच्या पुस्तकात जे बिनदिक्कत गाळलं असतं ते इथं गाळलं तर तिला कळेल, आणि लिहिलं तरी तिला कळेल. मी सात वर्षांची असताना तिनं मला देऊन टाकलं होतं. सहा वर्षांनी परत आणलं. या गोष्टीबद्दल आम्ही दोघी आजवर एक शब्द बोललेलो नाही.

माझी भाची दाओ, थोरल्या बहिणीची, चिनदाची, मुलगी. दातांच्या दवाखान्यात कामाला आहे आणि रविवारी आजीकडं जेवायला येते. तिला या सगळ्याची फार मजा वाटली. कुईछाई, म्हणजे पातीच्या वड्या, तव्यावर परततापरतता तिनं मला ब्लॉगसाठीच्या जागा समजावून दिल्या. एक जागा फुकट होती, जुनी, साधी, पण जाहिराती तिच्या आणि मर्जीही तिची, कधी गाशा गुंडाळेल सांगता येत नाही. एका जागी आपलं स्वतःचं नाव घेता येतं, घरावर पाटी लावावी तसं, पण ते दरवर्षी नव्यानं आपल्या नावावर करून घ्यावं लागतं. "आणि कोण करणार दरवर्षी?" मानं विचारलं. "तू की ही? हिचीही साठी उलटली." तिसरी जागा गर्दीची. तिथं सगळे येतात, आवडलं की खूण करतात, खाली बोलतात.

"बोलतात म्हणजे?" मा लगेच सावध झाली.

"म्हणजे आजी, तुझ्याबद्दल वाचून लोक खाली लिहिणार. तू त्यांना उत्तर द्यायचंस."

"हां! मग तीच घ्या. लोकांनी बोलायचं आणि मी फोटोत गप्प बसायचं, हे आपल्याला जमायचं नाही."

"आजी, तू फोटोतसुद्धा गप्प नसतेस. तोंड उघडंच असतं."

"हसताना उघडं असतं, मूर्खे. तुझ्या दवाखान्यात सगळे तोंड उघडून बसतात म्हणून तुला सगळ्यांची तोंडंच दिसतात."

पुढचे काही आठवडे मी जागा बघत बसले. दाओनं एका दुपारी निवड करून टाकली असती, मला ते जमेना. प्रत्येक ठिकाणी दारातच प्रश्न. तुमचं नाव. ब्लॉगचं नाव. कशाबद्दल लिहिणार, प्रवास, खाद्यपदार्थ, बालसंगोपन. बालसंगोपन या शब्दावर मी उगाचच बराच वेळ थांबले. मग मांडणीचे नमुने यायचे, समुद्र, कॉफीचा कप, खिडकीतली कुंडी. छापखान्यात आमच्याकडंही मुखपृष्ठांची वही असायची, कमळ, नदी, ढगांतून येणारी किरणं, आणि रडून आलेली माणसं ती उलटताना एकदम हिशेबी व्हायची, हे नको, ते नको, शेजाऱ्यांच्यात हेच होतं. मी त्यांना मनातून हसायची. आता माझं तेच झालं होतं. हे अक्षर बारीक, तो रंग भडक, इथं फोटो मोठा दिसत नाही, तिथं मागे जाता येत नाही. एका जागी तर सगळं मनासारखं होतं, शांत, पांढरं, पुस्तकाच्या पानासारखं, आणि लिहायच्या चौकटीत एक काडी लुकलुकत होती. ती बघितली आणि मी ती जागा नापसंत केली. कारण काय, तर म्हणे परिच्छेदाची सुरुवात आत सरकवता येत नाही. मा रोज विचारायची, "झाली का जागा?" मी म्हणायची, बघतेय. ती म्हणायची, "नवरा शोधतेस की काय? तोसुद्धा इतका बघितला नव्हतास." ते खरंच होतं, म्हणून तो टिकला नाही.

जागा बघताना मनानं मी नखोन सवानमध्येच असायची, मला दिलं होतं त्या गावात. वडिलांचे चुलतभाऊ तिथं दोरखंडाचं दुकान चालवायचे, त्यांना मूलबाळ नव्हतं. दुकानाला काथ्याचा वास, काकूंच्या हातांना काथ्याचा वास, माझ्या केसांनाही पुढं तोच. मला तिथं कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. उलट मासा माझ्या ताटात आधी पडायचा. हे मी मोठेपणी स्वतःला पुन्हापुन्हा सांगत आले, जणू समोर कुणी वकील बसला आहे. पण वरच्या मजल्यावर मला एकटीला स्वतंत्र खोली होती, आणि आमच्या घरी आम्ही तिघं भावंडं एका मच्छरदाणीत झोपायचो. त्या खोलीत मच्छरदाणी माझ्या एकटीसाठी इतकी मोठी होती की मी एका कोपऱ्यात सरकून झोपायची, उरलेली जागा मोकळी ठेवून. काकू सकाळी विचारायच्या, अशी भिंतीला चिकटून का झोपतेस? मी सांगायची नाही. कुणी आलं तर, असं काहीतरी असावं. आता या वयातसुद्धा मी पलंगाच्या कडेलाच झोपते. नवरा असताना त्याला वाटायचं, ही माझ्यापासून लांब सरकते.

शेवटी गर्दीचीच जागा घ्यायची ठरली, कारण माला उत्तरं द्यायची होती. एका सकाळी मी धीर करून बसले आणि म्हटलं, आधी नुसतं करून तर बघू. माचा फोटो घेतला. नाव घातलं, किमहियांग. जन्माचं साल. बाजारातली कुईछाईची गाडी, तीन मुलं, स्वभाव. हाताला सवयच अशी की अर्ध्या तासात पान झालं, आणि मी ते जपून ठेवायचं बटण दाबून बाजारात निघून गेले. दुसऱ्या दिवशी मा नेहमीप्रमाणे घराच्या दारातल्या, कुईछाई विकायच्या फळीपाशी बसली होती तेव्हा एक माणूस दुचाकीवरून उतरला. त्याच्या हातात उभा पंखा होता, त्याला पांढरी कागदी फुलं आणि काळी फीत. आमच्याकडं हल्ली फुलांच्या चक्राऐवजी पंखाच पाठवतात, विधीनंतर विहाराला उपयोगी पडतो.

"किमहियांग यांच्या घरचे कोण?"

"मीच किमहियांग," मा म्हणाली.

तो मागं सरकला. पंखा त्यानं मात्र सोडला नाही. मानं चष्मा लावून फितीवरचं नाव वाचलं. चाचोएंगसावचा माझा मामेभाऊ, सहकुटुंब, शोकाकुल. "बघ बघ," मा मला हाक मारून म्हणाली, "जिवंतपणी कधी साधा फोन नाही, आणि मेले तर पंखा! आण रे इकडं. सही कुठं करू?"

घडलं होतं ते असं. फोटो मी सवयीनं करडा केला होता. आणि पानाच्या शेवटी, माझ्या नकळत, माझ्या हातानं ती ओळ लिहिली होती जी प्रत्येक स्मरणपुस्तकाच्या शेवटी मी लिहीत आले, की या लेखनातून काही पुण्य घडलं असेल तर ते सर्व किमहियांग यांना, त्या ज्या लोकी असतील तिथं, पोहोचो. आणि जपून ठेवायचं म्हणून जे बटण मी दाबलं ते त्या जागी प्रसिद्ध करायचं होतं. माझ्या फोनमध्ये नाव असलेल्या प्रत्येकाला ते गेलं. दाओ दवाखान्यातून धावत आली. चिनदाचा फोन आला, ती रडत होती आणि ओरडत होती, दोन्ही एकदम.  अपशकुनाचं भय असं काही मी मानत नाही, पण त्या दिवशी मी विहारात जाऊन माच्या नावानं, पुण्य म्हणून, जिवंत मासे पाण्यात सोडून आले. माला मात्र यातलं काही नाही. तिनं पंखा पुसून फळीशेजारी लावला आणि दाओला म्हणाली, "लोकांनी खाली काय लिहिलंय ते वाच."

दाओ वाचायला लागली. अतिशय दयाळू. सगळ्यांवर माया. सोशिक. कधी आवाज चढवला नाही.

"थांब," मा म्हणाली. "हे कुणाबद्दल आहे?"

"तुझ्याबद्दल, आजी."

"कधी आवाज चढवला नाही? अगं त्या मासेवालीला विचार! हे कुणीतरी दुसरीच बाई मेली समजून लिहितायत." ती हसली, मग हसायची थांबली. माझ्याकडं बघून म्हणाली, "आणि वरचं तू लिहिलंस ते तरी काय? तेसुद्धा तिचंच. मी यात कुठाय?"

 मला राग आला होता. बाई, तुला तू हवी आहेस तर मग त्या सहा वर्षांसकट घे, असं माझ्या तोंडाशी आलं आणि तिथंच राहिलं. मी दाओला म्हटलं, हे पान पुसून टाक. आणि मला अशी जागा दे जिथं कुणी येत नाही.

तशीही जागा असते. मी ज्यांचा ईमेल पत्ता घालीन त्यांनाच तिथलं दिसतं, बाकीच्यांना ती जागा आहे हेसुद्धा कळत नाही. कुणाला दिसावं, असा प्रश्न आला. मी माचा पत्ता घातला. आणखी कुणी, असं विचारलं. नाही, म्हटलं. मांडणीचा नमुना पहिलाच घेतला, कुठला होता तेही आठवत नाही. खाली बोलायची सोय ठेवू का, याला मी नाही म्हणणार होते, पण माचं बोलणं आठवलं आणि ठेवली. मग लिहायला बसले. दुपारची वेळ होती, मा आत झोपली होती, घरात चिरलेल्या पातीचा वास. मला वाटलं होतं जड जाईल. तसं झालं नाही. जे इतकी वर्षं वाचणारा नाही म्हणून लिहिलं नव्हतं ते वाचणारी एकच आहे म्हटल्यावर सरळ येत गेलं. वडील आजारी पडले तेव्हा घरात तीन मुलं होती. चिनदा गाडीवर मदत करू शकत होती, भाऊ मुलगा होता, राहिले मी. हे मला कुणी सांगितलं नाही, मी मोठी झाल्यावर मनाशी मांडलं. स्टेशनवर तू मला सांगितलंस की काकांकडं ड्रॅगनची मिरवणूक बघायला चाललोय. मिरवणूक झाली, तू गेलीस. दर चिनी नववर्षाला बाजार उरकून तू यायचीस आणि माझ्यासाठी लाल झगा आणायचीस, आणि दर वर्षी तो मला लहान व्हायचा. काकू तुझ्यादेखत म्हणायच्या, छान आहे, आणि तू गेल्यावर शिवण उसवून कापडाची पट्टी जोडायच्या. मला वाटायचं, माझ्या आईला मी केवढी आहे हे माहीत करून घ्यायचंच नाही. मग परत आणलंस, का आणलंस तेही कुणी सांगितलं नाही. घरी आल्यावर पहिल्या दिवशी जेवताना मला चमचे कुठं असतात ते चिनदाला विचारावं लागलं. ती म्हणाली, तिथंच, नेहमीच्या जागी. मी तुझ्यावर रागावलेली आहे, मा. मी तुझ्याजवळ राहते, तुझे पाय चेपते, तू गेलीस तर मला काही सुधरणार नाही, आणि मी रागावलेली आहे. एवढं लिहून मी थांबले. शेवटी कुठलीही ओळ घातली नाही. बटण दाबलं आणि भांडी घासायला गेले, कारण उभं राहवत नव्हतं आणि बसवतही नव्हतं.

मा उठली, तोंड धुतलं, टॅब मागितला. अक्षरं मोठी करून दिली. ती ओळीखाली बोट ठेवून वाचते, ओठ हलवत, वर्तमानपत्र वाचून शिकलेली असल्यानं प्रत्येक वाक्यानंतर थांबून. मी तिच्याकडं पाठ करून पात चिरत होते. सुरीचा आवाज मला फार मोठा वाटायला लागला म्हणून मी हळू चिरू लागले, मग थांबले. तिचं बोट काचेवरून सरकल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता असं मला वाटलं. बाहेर गाडी गेली, फाटकाची घंटा वाजली आणि बंद झाली. माझ्या मनात आलं, ती आता म्हणेल, इतकं खाऊपिऊ घातलं तर हे. किंवा म्हणेल, त्या वेळी परिस्थितीच तशी होती. या दोन्हीला मी मनात उत्तरं तयार केली. 

"झगे लहान यायचे?" मा म्हणाली.

"हो."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

तिनं बोट काचेवरून उचललं. मग म्हणाली, "तो कापडवाला विचारायचा, पोरगी केवढी आहे. मी त्याला हात करून दाखवायची." आणि तिनं हात पुढं करून दाखवला, जमिनीपासून वर, तळवा खाली. मी वळून बघितलं. टेबलाच्या कडेच्या जरा वर, बसलेल्या तिच्या खांद्याशी तो हात थांबला होता. सात वर्षांची पोर एवढीच असते. "एवढी," मा म्हणाली. हात तिनं तसाच धरून ठेवला. मला रडू आलं. मी सुरी खाली ठेवली आणि उघड रडले.

मा नाही रडली. तिनं माझं रडणं होऊ दिलं, मध्ये एकदा फडकं पुढं सरकवलं. मग टॅबवर बोट टेकवून विचारलं, "हे कोणाकोणाला दिसतं?"

"तुलाच. दुसऱ्या कुणाला नाही."

"का?"

"लोक तुला नावं ठेवतील, मा. बाजारात तोंड दाखवायचंय तुला."

"ठेवू देत की. मी मेल्यावर ठेवली तर मी काय करणार? आता विचारलं तर निदान सांगीन तरी." ती खुर्चीत सरळ झाली. "उघड ते. सगळ्यांना."

"मा, नीट विचार कर. चिनदाला माहीतही नाही मला असं काही वाटतं."

"मलाही कुठं माहीत होतं? वाचल्यावर कळलं. तिलाही वाचल्यावर कळेल. कुठून उघडतात ते दाखव, मी दाबते."

मी दाखवलं. कुणाला दिसावं, या प्रश्नाखालच्या ओळींवर ती बोट ठेवून वाचत गेली आणि सगळ्यांना या ओळीवर थांबली, आणि दाबलं. मग म्हणाली, आता खाली लिहायचं कसं? दाओनं तिला बोलून लिहायचं शिकवलं होतं, तिला ते आठवत होतं. तिनं टॅब तोंडाशी धरला आणि बाजारात गिऱ्हाइकाला हाक मारते त्या आवाजात बोलली, आणि तिच्या बोलण्याची अक्षरं काचेवर उमटत गेली.

"मी किमहियांग. ही माझी धाकटी मुलगी. मीच तिला देऊन टाकलं होतं आणि मीच परत आणलं. वर लिहिलंय ते सगळं खरं आहे."

"अजून काही?" मी विचारलं. 

"नाही. तेवढंच." तिनं टॅब माझ्याकडं दिला, गुडघ्यांवर हात टेकून उठली, आपली खुर्ची ओढत दारापर्यंत नेली, आणि फळीमागं, रस्त्याकडं तोंड करून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी बसली. बाजार भरायला अजून अवकाश होता.